न तपासता पार्ट बदलणाऱ्यांनो, हात जोडतो

नवाकोरा पॉवर पॅक (प्लगच्या ठिणगीसाठी झटका सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) टाकूनही आज बोटीचं इंजिन भर पाण्यात बंद पडलं! पहिल्यासारखंच. थंड असताना एका ओढीत सुरू होतं, तापलं की दोन्ही सिलिंडरचा स्पार्क गायब. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ येते, आणि अर्धा तास गार झालं की बेटं पुन्हा चालू. वल्ही मारत काठाला आलो तर मेकॅनिक विचारतो, "प्लग बदललेत का?"

अहो, दोन्ही प्लग एकदमच तापल्यावर मरतात आणि गार झाले की जिवंत होतात का? थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर मेलं, म्हटल्यावर आधी चार्ज कॉइलकडे, म्हणजे पॅकला वीज पुरवणाऱ्या गुंडाळीकडे बघायचं असतं. ती स्टेटरमध्ये असते, फ्लायव्हील या फिरत्या जड चाकाखाली. तिथून डांबरासारखा काळा चिकट ओघळ खाली आलाय, स्टेटरचं भरण वितळून! झाकण उचललं की टॉर्चच्या उजेडात दिसतो. एवढं वाकून बघायचे कष्टही घेतले नाहीत या माणसाने. "पॅकच गेलाय" म्हणाला आणि गळ्यात मारला. विजेचा पार्ट एकदा पाकिटातून निघाला की दुकानदार परत घेत नाही, हे त्याला पुरेपूर ठाऊक.

मीटर लावला होता म्हणे. कसला मीटर? साधा! सीडीआयचा, म्हणजे या पॅकवाल्या इग्निशनचा झटका इतका क्षणिक असतो की साध्या मल्टिमीटरला तो पकडताच येत नाही, त्याला पीक व्होल्टेज मोजणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची वायर पॅकपासून सोडवून बघितली? नाही. सगळ्यात सोपी, फुकटातली तपासणी तीच, आणि तीच कुणी करत नाही. प्लग बाहेर काढून ब्लॉकला टेकवायचा आणि "स्पार्क आहे की!" म्हणून मोकळं व्हायचं. मोकळ्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं हो, सिलिंडरमधल्या दाबाखाली तिला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. त्यासाठीच तो गॅप टेस्टर मिळतो, 11 मिलीमीटरच्या आसपास लावायचा, निळी कडक ठिणगी उडायला हवी.

आणि हातोडीवाले! चाक ओढून काढायचा पुलर असताना फ्लायव्हीलवर ठोकणारे. आतले मॅग्नेट चिकटवलेले असतात, ते सुटले की संपलं. याच्याआधीच्या पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेल्या जुन्या पद्धतीच्या) इंजिनाची एकाने अशीच वाट लावली होती. त्या महाशयांनी पॉइंटचा गॅपही नजरेनेच लावला. 0.5 मिलीमीटर नजरेने! फट मोजायचा फीलर गेज कशाला असतो मग? अर्थची वायर गंजून हिरवी झाली होती, ती तशीच ठेवून वर रंग मारला.

आता स्टेटर मागवायचा. त्याला म्हटलं, माझा जुना पॅक तरी परत द्या, तो चांगलाच होता.

भंगारात टाकला म्हणे.