अ‍ॅरिझोनातला फॉल ऑक्टोबरात संपत नाही

सप्टेंबर सरत आला की फिनिक्सकडच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दरवर्षी तोच मेसेज फिरायला लागतो. ‘वाळवंटात फॉल, म्हणजे पानं रंगून गळण्याचा ऋतू, नसतो. रंग बघायचेच तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फ्लॅगस्टाफ गाठा, तो हुकला की संपलं. आणि लाल पानं हवी असतील तर सरळ व्हर्मॉन्टचं तिकीट काढा.’ ज्यांचे आईबाबा नोव्हेंबरात येणार असतात ती मंडळी हे वाचून हळहळतात. उगाचच.

‘वाळवंटात फॉल नसतो’ हे आधी घेऊ. फिनिक्स आहे साधारण 1,100 फुटांवर, फ्लॅगस्टाफ 7,000 फुटांवर आणि त्याच्या डोक्यावरचं हम्फ्रीज शिखर 12,633 फुटांवर. हजार फूट चढलं की पारा सुमारे साडेतीन अंश फॅरनहाइटने उतरतो. त्यामुळे इथे फॉल एका तारखेला येत नाही, डोंगरावरून पायरी पायरीने खाली उतरतो. ‘कधी जाऊ?’ विचारण्याआधी ‘किती उंचीवर?’ हे विचारायला हवं.

दुसरा मुद्दा सगळ्यात चुकीचा, म्हणून जरा सविस्तर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा खरा आहे, पण फक्त अ‍ॅस्पेन या झाडापुरता. फ्लॅगस्टाफजवळच्या सॅन फ्रान्सिस्को पीक्सवर, लॉकेट मेडो आणि इनर बेसिनच्या बाजूला, सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अ‍ॅस्पेन पिवळेधमक होतात. त्यांच्या पानाचा देठ चपटा असतो, म्हणून वारा नसल्यासारखा वाटला तरी पानं थरथरत राहतात. पिंपळाची सळसळ ऐकत वाढलेल्या माणसाला हे झाड लगेच आपलं वाटतं. एकाच मुळावरून अनेक खोडं फुटत असल्याने कधी कधी अख्खा पट्टा एकदम रंगतो आणि शेजारचा हिरवाच राहतो. 2022 च्या पाइपलाइन वणव्यानंतर हा भाग बराच काळ बंद होता, तेव्हा रस्ता उघडा आहे का ते वनखात्याच्या साइटवर पाहूनच निघा. आणि शनिवारी जाऊ नका. पानांपेक्षा गाड्याच जास्त दिसतील.

मग पुढची पायरी. टूसॉनच्या डोक्यावरचा माउंट लेमन 9,157 फुटांचा. खाली सग्वारो निवडुंग, वर पाइन आणि मेपल, मध्ये फक्त तासाभराचा घाट. तिथे ऑक्टोबरच्या मध्याला जा. सेडोनाजवळच्या ओक क्रीक कॅन्यनमध्ये, वेस्ट फोर्कच्या ट्रेलवर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचे पहिले दिवस. पार्किंग लवकर भरतं, सकाळी चहा घेऊन थेट निघा, पोहे गाडीत खा.

त्याहून खाली मात्र नियम बदलतो. वाळवंटात जिथे पाणी, तिथे रंग. फ्रीमाँट कॉटनवुड हे झाड नदी सोडून राहतच नाही, त्यामुळे नोव्हेंबरात उंचावरून पाहिलं तर करड्या जमिनीवर पिवळी रेघ ओढल्यासारखी दिसते. ती रेघ म्हणजे नदी. सिएरा व्हिस्टाजवळ सान पेड्रो नदीच्या काठाने सपाट पायवाटा आहेत, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंनाही झेपतील अशा. अरावाइपा कॅन्यन याहून देखणा, पण तिथे दिवसाला फक्त 50 जणांना परवाना मिळतो आणि बराचसा रस्ता ओढ्याच्या पाण्यातूनच तुडवायचा असतो.

आणि थँक्सगिव्हिंगला आलेल्यांसाठी सुपीरियर गावाजवळचं बॉइस थॉम्पसन आर्बोरेटम हे वृक्षोद्यान, फिनिक्सपासून तासाभरावर. तिथले चायनीज पिस्ताश नोव्हेंबरअखेरीस केशरी-लाल होतात. ती झाडं लावलेली आहेत, हे कबूल. पण लावलेली झाडं चालत नसतील तर गुलमोहरही बघायचं सोडावं लागेल, तो मूळचा मादागास्करचा.

राहिला लाल रंग. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवं द्रव्य ओसरलं की तो उघडा पडतो. लाल मात्र बहुतेक झाडं शरद ऋतूत नव्याने तयार करतात आणि त्यासाठी लख्ख ऊन आणि गार, पण न गोठवणाऱ्या रात्री लागतात. असे दिवस या राज्यात काय कमी आहेत? वेस्ट फोर्कमधला बिगटूथ मेपल पाहिला की लाल रंगाबद्दलची तक्रार मिटते. व्हर्मॉन्टसारखे अख्खे डोंगर लाल होत नाहीत, हे मात्र खरं. इथे लाल दिसतो तो दरीच्या तळाशी, दोन कातळांमध्ये, हाताच्या अंतरावर. मला स्वतःला तोच जास्त आवडतो, पण ती आवडीची गोष्ट झाली.

पानगळ थंडीनेच होते, हा समजही आपण मराठी माणसांनी बाळगू नये. आपल्याकडची रानं फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडी पडतात ती पाणी आटल्यामुळे, आणि नेमका तेव्हाच कुसुंब लालभडक पालवीने पेटतो. इथला ओकोटियो, हे वाळवंटातलं काटेरी झुडूप, त्याच पंथातला. आमच्या अंगणातल्या ओकोटियोने मेअखेर पानं पिवळी करून टाकून दिली, जुलैत दोन पाऊस झाल्यावर पुन्हा हिरवा झाला आणि आता सप्टेंबरात परत झडायला लागलाय. त्याने तो मेसेज वाचलेला दिसत नाही.