झाडीतला माणूस

चित्रकलेच्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं, पेरूपासून सुरुवात करा. एक पेरू, शेजारी पांढरा कप. मी म्हटलं, सर, वय 52. पेरू करत बसलो तर माणसापर्यंत पोचेस्तोवर सत्तरी उजाडेल. त्यापेक्षा थेट फ्रागोनारचा ‘झोका’च घेतो. सर काही बोलले नाहीत. फीचे पैसे मात्र त्यांनी दुसऱ्यांदा मोजले.

‘झोका’ म्हणजे 1767-68च्या सुमाराचं फ्रेंच चित्र, सध्या लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे. गुलाबी झग्यातली बाई झोक्यावर, मागे सावलीत दोऱ्या धरून एक म्हातारा, पुढे गुलाबाच्या झाडीत आडवा पडून वर बघणारा तरुण, आणि बाईच्या पायातून उडालेली सपाता. मूळ चित्र साधारण 81 बाय 64 सेंटीमीटर, म्हणजे 20 बाय 16 इंची कॅनव्हास प्रमाणात चपखल बसतो. या सगळ्या प्रकरणात बरोबर आलेलं माझं हे एकमेव गणित.

चौकटी आखल्या, बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने खालचा थर दिला. दोन दिवसांत तो वाळला आणि मला वाटलं, आपण उगाच घाबरत होतो. मग झगा घेतला.

तैलरंगातलं तेल म्हणजे जवसाचं. आपण चटणी करतो तेच जवस. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घेत सावकाश घट्ट होतं. ही माहिती मी घरात फार अभिमानाने सांगितली. त्यात जुलै महिना, बाहेर संततधार आणि झग्यात टिटॅनियम व्हाइट, ते तर मुळातच निवांत. तिसऱ्या आठवड्यातही झगा ओला. तोवर तो माझ्या कोपराला, फ्रिजच्या दाराला आणि कामाच्या मावशींच्या पदराला लागून आला होता. मूळ झगा कसा, फेसासारखा. माझा कॅलामाइन लोशन ओतल्यासारखा दिसत होता.

आई रोज दुपारचा चहा घेऊन समोर येऊन बसायची.

“तो झाडीत काय करतोय रे?”

आता आईला काय सांगणार? कोणा दरबारी गृहस्थाने दुवायें नावाच्या चित्रकाराला म्हणे सांगितलं होतं, माझ्या मैत्रिणीला झोक्यावर बसव, झोका द्यायला एक बिशप ठेव, आणि मला अशा जागी काढ की तिचे पाय दिसतील. दुवायेंने हात झटकले आणि फ्रागोनारचं नाव सुचवलं.

“पडलाय,” मी म्हटलं.

“अरे, मग उचलत का नाही कुणी?”

तरी मी नेटाने रंगवत राहिलो. छापील चित्रात सगळ्या बागेवर एक पिवळसर, उबदार झाक होती. ती साधायला मी पाच रविवार घालवले. पानांत यलो ओकर, आभाळात यलो ओकर, म्हाताऱ्यात तर ट्यूबच पिळली. शेवटी जमली. सर पहिल्यांदाच जवळ आले, चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

“तुमचा प्रिंट जुना आहे का हो?”

मग त्यांनी मोबाइलवर दाखवलं. 2021मध्ये संग्रहालयाने चित्र स्वच्छ केलं, वरचं पिवळं पडलेलं वॉर्निश काढलं. खाली आभाळ निळं, झाडं गार हिरवी. थोडक्यात, पाच रविवार मी फ्रागोनारची नव्हे, त्याच्यावर चढलेल्या वॉर्निशची नक्कल करत होतो. ती मात्र हुबेहूब साधली होती.

चित्र घरी आणून भिंतीला टेकवलं. बायको म्हणाली, “कावीळ झाल्यासारखी दिसतेय बाग.” बरोबरच होतं, काय बोलणार! आता शेवटचं वॉर्निश द्यायचं तर सहा महिने तरी थांबायला हवं, आणि झग्याला बोट लावलं तर अजून गुलाबी होतंय.

आईने चष्मा पुसला, वाकून झाडीकडे पाहिलं.

“आजही तसाच पडलाय बिचारा. त्या म्हाताऱ्याला तरी सांग, दोऱ्या सोड म्हणावं आणि बघ जरा.”