पुलावरचं छप्पर बर्फासाठी नाही

अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या पानगळ-सहलीचे फोटो सध्या फिरतायत. खाली ओळ असते: 'बर्फ साचू नये म्हणून पुलांना छप्पर, आणि हा कॉर्निश-विंडसर जगातला सर्वांत लांब.' दोन्ही चूक.

छप्पर आहे ते पुलाच्या लाकडी सांगाड्यासाठी. उघडी तुळई पाऊस पिऊन सांध्यांत कुजते. वरून छप्पर, बाजूंनी फळ्या मारल्या की तोच पूल शतकभर सहज टिकतो. बर्फाचं म्हणाल तर उलटंच! हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून माणसं मुद्दाम बर्फ आणून आतल्या फळ्यांवर पसरायची.

१८६६चा कॉर्निश-विंडसर सुमारे १३७ मीटर लांब. सर्वांत लांब आहे कॅनडातला हार्टलँडचा, ३९१ मीटर. तो १९०१ मध्ये उघडाच बांधला होता, छप्पर वीसेक वर्षांनी आलं.

आणि हो, कॉर्निश-विंडसरचा बहुतेक भाग व्हरमाँटमध्ये नाहीच, न्यू हॅम्पशरमध्ये आहे. हा पूल कनेक्टिकट नदीवर आहे, आणि दोन्ही राज्यांमधली हद्द तिच्या पश्चिम काठाला आहे. गेलात तर गाडीतून झर्रकन निघून जाऊ नका. तोंडावरची जुनी पाटी वाचा: घोडे न पळवता चालत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड.