‘ऑनलाइन पदवी म्हणजे रद्दी’ म्हणणाऱ्यांना

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. नोकरी करता करता ऑनलाइन दुसरी पदवी घेणं म्हणजे पैशांचा चुराडा, असं तो सांगतो आणि चार कारणं देतो: कंपन्या अशा पदवीकडे ढुंकूनही पाहत नाहीत, तेच ज्ञान फुकट मिळतं, हल्ली पदवी नाही, कौशल्य विचारतात, आणि पस्तिशीनंतर शिकून कुणाचं भलं झालंय? मला तो तिघांनी पाठवला. त्यातल्या दोघांकडे दोन-दोन पदव्या आहेत.

पहिलं कारण सगळ्यात वजनदार. २०१६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी बनावट अर्ज कंपन्यांना पाठवले आणि मुलाखतीसाठी बोलावणं कुणाला येतं ते मोजलं. व्यवसाय प्रशासनाच्या नोकऱ्यांत, नफ्यासाठी चालणाऱ्या ऑनलाइन संस्थेच्या पदवीला साध्या सरकारी विद्यापीठाच्या पदवीपेक्षा सुमारे २२ टक्के कमी बोलावणी आली. मेसेजवाले म्हणतील, झालं की सिद्ध! पण ‘कमी’ आणि ‘शून्य’ यांत फरक असतो. शिवाय आरोग्य क्षेत्रात ज्या कामांना परवाना लागतो, तिथे हा तोटा दिसला नाही. लायकीचा दुसरा पुरावा हातात असला की संस्थेच्या नावाचं ओझं उतरतं. म्हणजे शंका मुख्यतः पदवी देणाऱ्याबद्दल असते, शिकवण्याच्या पद्धतीबद्दल नाही, असा माझा अर्थ. जॉर्जिया टेक या अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठाने २०१४ मध्ये संगणकशास्त्राची ऑनलाइन पदव्युत्तर पदवी सुरू केली. तिचं प्रमाणपत्र कॅम्पसवरच्या पदवीसारखंच असतं, ‘ऑनलाइन’ हा शब्द त्यावर नसतो. पूर्ण शिक्षणाचा खर्च सुरुवातीला ७,००० डॉलरच्या आसपास होता. आता या पदवीला आणि रातोरात उगवलेल्या एखाद्या ‘विद्यापीठा’च्या कागदाला एकाच पोत्यात कसं भरायचं?

दुसरं, फुकटाचं. व्हिडिओ फुकट आहेत, कबूल. पण हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव नोंदवणाऱ्या १०० जणांपैकी जेमतेम ३ जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. (बरेच जण नुसते डोकावायलाच येतात, हेही खरं.) फी भरलेली, परीक्षेची तारीख ठरलेली आणि वर कुणीतरी पेपर तपासणार, हा धाक माझ्यासारख्या आळशाला लागतो.

तिसऱ्या मुद्द्यावर मला हसू येतं. पदवीची अट काढल्याच्या घोषणा खूप झाल्या. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि नोकरभरतीचा अभ्यास करणारी बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या बदलामुळे पदवी नसलेल्यांना मिळालेली संधी ७०० भरतींमागे एकही भरत नव्हती. जाहिरातीतून अट गेली, निवडणाऱ्याच्या डोक्यातून नाही.

वयाचा मुद्दा दोन ओळींत संपतो. जॉर्जिया टेकच्या त्याच ऑनलाइन पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांचं सरासरी वय ३४ निघालं, कॅम्पसवाल्यांचं २४. म्हणजे तिथे पस्तिशीच्या उंबरठ्यावरचे लोक काही अपवाद नाहीत.

मेसेज एका बाबतीत मात्र बरोबर आहे: आंधळेपणाने घेतलेली पदवी महाग पडते, आणि फी हा त्यातला लहान भाग. दोन-तीन वर्षांच्या रात्री आणि रविवार जातात, घरच्यांचेही. म्हणून प्रवेशाआधी आपल्या एचआरला लेखी विचारा, ‘या पदवीने माझी श्रेणी किंवा बढतीची पात्रता बदलते का?’ मग हव्या असलेल्या पदाच्या दहा जाहिराती काढून त्यांत ती पदवी किती ठिकाणी मागितली आहे ते मोजा. संस्थेची मान्यता तिच्या संकेतस्थळावर नको, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत पाहा. एचआरचं उत्तर ‘नाही’ आलं आणि जाहिरातींतही ती पदवी सापडली नाही, तर तेच रविवार एखादं दाखवण्याजोगं काम उभं करण्यात घाला. मीही तेच केलं असतं.