शिकार त्यांची, वास आमचा

शिकारीचा रीतसर परवाना असलेला आणि हंगामाचे नियम काटेकोरपणे पाळणारा नातेवाईक ज्याच्या नशिबी असतो, त्याला रानातल्या मांसाचा वाटा नाकारण्याची सोय नसते. माझे मेहुणे असे नातेवाईक आहेत. मांसाचे पुडके हाती ठेवताना ते वाऱ्याची दिशा, पाऊलखुणा, दबा धरून काढलेली पहाट आणि अचूक नेम यांचे साद्यंत वर्णन करतात. मात्र मला जे हवे असते त्यातले अवाक्षरही त्या वर्णनात नसते. जनावर नर होते की मादी, कोवळे होते की जून, माजावर होते का, गोळी लागल्यावर किती लांब पळाले आणि त्याचे पोट किती वेळाने साफ केले, असे प्रश्न मी विचारू लागलो की मी त्यांच्या पराक्रमावरच संशय घेत आहे असे त्यांना वाटू लागते.

वास्तविक मांसाची निम्मी चव रानातच ठरून गेलेली असते. घाबरून दमेपर्यंत पळालेल्या जनावराच्या स्नायूंतले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपते, त्यामुळे मेल्यानंतर मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही आणि ते काळपट, घट्ट व चिकट राहते. आतडी लगेच काढून धड थंड केले आणि पुढे काही दिवस 1 ते 4 अंश सेल्सिअसला टांगून ठेवले, तर मांसातलीच विकरे त्याचे तंतू सैल करतात. आमच्याकडचे धड मात्र ताडपत्रीखाली ऊबदार प्रवास करून येते, कारण वाटेत ते मित्रमंडळींना दाखवणे अपरिहार्य असते.

त्यानंतर सल्लागार येतात. रानातल्या मांसाचा उग्र वास कसा घालवावा या विषयावर मत नसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि प्रत्येकाचे मत ‘मसाला दुप्पट घाला’ या एकाच मुक्कामावर पोहोचते. मसाला दुप्पट घातल्याने वास जात नाही; फक्त खाणाऱ्याला दोन वास येतात. ताकात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरवण्याचा उपाय त्याहून बरा आहे, पण त्याची कीर्ती त्याच्या कर्तृत्वापेक्षा मोठी आहे, कारण मुरवणाचा स्वाद मांसात जेमतेम काही मिलिमीटर शिरतो आणि आंबटपणा फार वेळ राहिला तर वरचा थर पिठूळ होतो. खोलवर पोहोचते ते मीठ, आणि नेमके त्याचे श्रेय कोणी मिठाला देत नाही.

खरा अपराधी चरबीत लपलेला असतो. जनावराने जे जे खाल्ले त्याचा गंध चरबी साठवून ठेवते, आणि हरणाची चरबी तर इतक्या लवकर गोठते की घास गिळून झाल्यावरही ती टाळ्याला मेणासारखी चिकटून राहते. म्हणून माझा सारा वेळ फोडणीआधीच संपतो. धारदार सुरी घेऊन चरबीचा कण न् कण काढायचा, स्नायूंवरची चंदेरी पांढरी झिल्ली, जी शिजवून सहजी विरघळत नाही, ती सोलायची, साकळलेले रक्त आणि ग्रंथी बाजूला करायच्या, शिवाय छर्रे राहिले नाहीत ना हेही चाचपून पाहायचे. काढून टाकलेल्या भागाचा ढीग वाढत जातो तसतसा समोर बसलेल्या मेहुण्यांचा श्वास जड होतो. ‘अहो, अर्धं जनावर टाकताय तुम्ही!’ असे ते कळवळून म्हणतात. मी मान हलवतो आणि उरलेले अर्धेही तपासतो.

एवढी चरबी काढल्यावर ती परत घालावी लागते, हा या शास्त्रातला विनोद आहे. रानातल्या मांसात मुळातच स्निग्धता कमी असते, त्यामुळे लोणी किंवा पाळीव डुकराची चरबी अशी सभ्य वळणाची स्निग्धता तिच्या जागी नेमावी लागते. पाठीचे मऊ तुकडे तापलेल्या तव्यावर झटपट भाजून 63 अंशांच्या सुमारास उतरवावेत. त्यापुढे तंतू आकसून रस बाहेर ढकलतात आणि खाणाऱ्याच्या जबड्याला व्यायाम होतो. मांडी, खांदा आणि मान यांना मात्र झाकणाखाली मंद आचेवर तासन्‌तास ठेवल्याशिवाय त्यांतले कोलॅजेन हे चिवट प्रथिन विरघळून रस्सा दाट होत नाही. रानडुकराच्या बाबतीत मी गुलाबीपणाचे लाड करत नाही. त्यात ट्रिकिनेला नावाचा कृमी असू शकतो, त्याच्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत, म्हणून आतले तापमान 71 अंश झाल्याचे थर्मामीटरने दाखवल्याशिवाय पातेले उतरत नाही.

वयात आलेल्या रानडुकराच्या नराचा वास हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यामागे अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही द्रव्ये असतात, आणि त्यांपैकी अँड्रोस्टेनोनचा वास काही लोकांना जन्मतःच येत नाही. घरातली मंडळी खिडक्या उघडत असताना पातेल्यावर वाकून ‘वास? कसला वास?’ असे निरागसपणे विचारणाऱ्या मेहुण्यांची गणना याच भाग्यवंतांत होत असावी. निसर्गाने शिकारीची आवड अशा माणसाला द्यावी आणि नाक मला द्यावे, यात काहीतरी हेतू असणार.

इतके सगळे केल्यावर, मिरी, लसूण आणि एखाद्या आंबटगोड फळाच्या सोबतीने शिजलेले ते मांस खरोखरच उत्तम लागते. गडद, खोल चवीचे, पाळीव मांसाला कधीच न साधणारे. अट एवढीच की ते त्याच जेवणात संपवावे, कारण दुसऱ्या दिवशी गरम केले की उरल्यासुरल्या चरबीला शिळा, खवट वास येतो. परवा ताट चाटूनपुसून झाल्यावर मेहुण्यांनी पुढच्या खेपेस रानबदके आणण्याचे जाहीर केले. मासे खाणाऱ्या बदकांच्या मांसाला मासळीचा वास येतो हे ठाऊक असल्याने, ती धान्य खाणारी असतील ना, असे मी विचारले. त्यावर बराच विचार करून ते म्हणाले, ‘ते कसं सांगणार? मी गोळी झाडतो तेव्हा ती उडत असतात.’