काखेतली गाठ म्हणजे ड्रेनेजचं चेंबर नव्हे

मावशी सदाशिव पेठेत राहते. तिच्या भिशीच्या ग्रुपवर जे जे येतं ते सगळं ती मला पाठवते, कारण मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवतो. परवाचा मेसेज बराच फिरलेला दिसतो, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही दोनदा येऊन गेला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: लसिकावाहिन्या (पेशींभोवतीचा पाणीदार द्रव, म्हणजे लसिका, वाहून नेणाऱ्या नळ्या) म्हणजे शरीराची गटारं आणि गाठी म्हणजे त्यांची चेंबरं. या गटारांना पंप नाही, म्हणून ती तुंबतात. गाठ सुजली की विष साचलं समजा. लस टोचल्यावर काखेत गाठ येते हा त्याचा पुरावा. उपाय म्हणून रोज सकाळी काखा-जांघा जोरात चोळा, वर कोमट लिंबूपाणी प्या. गाठी मोकळ्या झाल्या की प्रतिकारशक्ती दुप्पट!

दुप्पट कशाच्या आणि मोजली कोणी, हे सोडून देऊ. आधी चेंबर उघडू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मटण आणलं की मांडीच्या तुकड्यात कधीकधी चरबीत रुतलेली, घेवड्याच्या बीसारखी राखाडी गाठ निघते. ती लसिका गाठ. सुरीने उभी कापून बघा. आत गाळ नाही, घाण नाही; घट्ट, ओलसर गर असतो. माणसाच्या अंगात अशा पाचशेहून जास्त गाठी आहेत. गाठीच्या आवरणाला लागून आत एक अरुंद फट असते आणि बाहेरून आलेली लसिका आधी तिच्यात उतरते. या फटीला छत आहे आणि जमीनही आहे. दोन्ही लसिकावाहिनीच्याच पेशींची, जेमतेम एका थराची. पण छताच्या पेशींचं काम निराळं आणि जमिनीच्या पेशींचं निराळं.

समजा, अंगठ्याला ठेच लागून जखम चिघळली. तिथल्या जंतूचा तुकडा घेऊन एक डेंड्रायटिक पेशी (जंतूंचे नमुने गोळा करणारी पहारेकरी) लसिकेतून जांघेतल्या गाठीपर्यंत येते. तिला तो आत बसलेल्या टी-पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवायचा असतो. वाट सापडते ती सीसीएल-21 नावाच्या रसायनाच्या मागावरून. छताच्या पेशी हे रसायन सतत गिळत असतात, म्हणून ते छताजवळ विरळ आणि जमिनीखाली दाट राहतं. पेशी दाट बाजूकडे सरकते. ज्या उंदरांमध्ये हे रसायन पकडून गिळणारं छताच्या पेशींवरचं प्रथिन (ग्राही) नव्हतं, त्यांच्यात डेंड्रायटिक पेशी फटीतच घोटाळत राहिल्या. हे 2014 साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी जमिनीकडच्या पेशींमधली चाळणी समोर आली: लहान रेणू आत जातात, मोठे अडतात. उपमा द्यायचीच तर जुन्या जकात नाक्याची द्या. (जकात गेली, नाक्यांची नावं तेवढी राहिली.)

नाक्यावरचे हे लोक अडवाअडवीवर थांबत नाहीत. त्वचेचा रंग बनवणाऱ्या पेशींमध्ये टायरोसिनेज नावाचं प्रथिन असतं. उंदरांच्या गाठींमधल्या वाहिनीच्या पेशी ते स्वतःही थोडंसं तयार करतात आणि टी-पेशींपुढे धरतात, सोबत पीडी-एल1 हा ‘आवरा’ असा इशारा. जी मारक टी-पेशी त्या प्रथिनावर चवताळते, ती काही दिवसांत संपवली जाते. म्हणजे आपल्याच त्वचेवर हल्ला करू शकणारी पेशी इथेच बाद होते. प्रतिकारशक्ती ‘दुप्पट’ करायला निघालेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ती आवरणारं कोणी नसेल तर काय होतं, ते ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णाला विचारा.

आता सूज. बाळाला जन्मताच डाव्या दंडावर बीसीजी टोचतात, आणि काही बाळांच्या डाव्या काखेत नंतर बारीक गाठ लागते. लस जिथे टोचली त्याच बाजूची गाठ फुगते, कारण तिथे पेशी येऊन अडकतात, वाढतात. वाहिनीच्या पेशीसुद्धा वाढतात. लसीतल्या प्रथिनाचे तुकडे या पेशी आठवडेच्या आठवडे सांभाळून ठेवतात, असं उंदरांत दिसलं आहे. सूज उतरताना त्यातल्या बऱ्याच मरतात आणि तो ठेवा डेंड्रायटिक पेशींच्या हाती पडतो, तिथून स्मृतिपेशींची (जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशींची) पुन्हा उजळणी होते. मेसेज ज्याला विष म्हणतो, ती ही पुंजी.

गाठ म्हटलं की पुणेकराच्या पोटात गोळा येणं मी समजू शकतो. 1897 च्या प्लेगमध्ये गोरे सोल्जर घरात शिरून काखा-जांघा चाचपत होते. पण प्लेगचे जंतू गाठीतच ठाण मांडून वाढतात, ती गोष्ट वेगळी. आजही कडक, जागची न हलणारी, दोन-तीन आठवडे वाढतच जाणारी किंवा ताप आणि वजन घटण्याबरोबर आलेली गाठ डॉक्टरांना दाखवायचीच असते. टीबीची गंडमाळ आपल्याकडे दुर्मिळ नाही. ती चोळून जात नाही.

पंप नाही, हे अर्धंच खरं. मोठ्या लसिकावाहिन्यांच्या भिंतीत स्नायू असतात, त्या मिनिटाला अनेकदा आपणहून आकसतात, आणि आतल्या झडपा लसिकेला मागे फिरू देत नाहीत. पर्वती चढून आलात तर आणखी मदत होते. लसिका खरोखर तुंबली तर काय होतं हे पूर्व विदर्भातल्या हत्तीरोगाच्या रुग्णांच्या पायांवर दिसतं. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्यावर काहींचा हात सुजतो, त्यावर मसाज आहे, पण तो शिकलेल्या माणसाने अगदी हलक्या हाताने करायचा असतो.

राहिलं ‘मोकळं होणं’. टी-पेशी गाठीतून बाहेर पडतात त्या एस1पी या रेणूच्या ओढीने, आणि लसिकेतला एस1पी याच वाहिन्यांच्या पेशी पुरवतात. फिंगोलिमोड हे औषध ही बाहेरची वाट बंद करतं. मल्टिपल स्क्लेरोसिसवर (प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जासंस्थेवर उलटते तो आजार) अमेरिकेत त्याला 2010 मध्ये मंजुरी मिळाली. तिथे गाठींमध्ये पेशी कोंडून ठेवणं हाच उपचार! अंगठ्याने दाबून हे दार उघडतही नाही आणि बंदही होत नाही.

लिंबूपाणी मावशीने खुशाल घ्यावं. ते आतड्यातून रक्तात जातं, लसिकेच्या वाटेला फारसं जातच नाही. त्या वाटेने जातं ते वरणभातावरचं तूप. 1622 मध्ये गास्पारो आसेली या इटालियन वैद्याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा आतड्याभोवती त्याला पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं होतं. ते दोरे चरबीने भरलेल्या लसिकावाहिन्यांचे होते. हे मावशीला कळवलं, तर उत्तर आलं: “म्हणजे तूप चालेल ना?”