‘आधी हे पाच भाग बदला’: बग्गीच्या यादीतलं किती पटतं?

रिमोटची ऑफ-रोड बग्गी नव्याने घेणाऱ्याच्या हाती गाडी पडायच्या आधी एक यादी पडते. सांगणाऱ्यागणिक शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर मात्र हाच: "स्टॉक बग्गी म्हणजे अर्धी बग्गी. पहिल्याच महिन्यात पाच गोष्टी बदला. जास्त केव्हीची ब्रशलेस मोटर आणि ३एस लिपो टाका. प्लॅस्टिकचे आर्म काढून सगळीकडे ॲल्युमिनियम करा. मिळेल तेवढ्या टॉर्कचा सर्वो बसवा. शॉकमध्ये जाड ऑइल भरा. डिफमध्ये त्याहून जाड भरा. मग गाडी तुटत नाही." (स्टॉक म्हणजे कारखान्यातून जशी आली तशी; ३एस लिपो म्हणजे तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी; आर्म म्हणजे चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा; सर्वो म्हणजे स्टीअरिंग फिरवणारी छोटी मोटर; शॉक म्हणजे धक्के शोषणारी तेलाची नळी; डिफ म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी.)

यातली एकही सूचना मुळात खोटी नाही. कुठल्या तरी गाडीवर, कुठल्या तरी मैदानावर प्रत्येक सूचना बरोबर ठरलेली असते. माझा आक्षेप आहे तो गाडी न बघताच निकाल देण्याला. आणि पाचातली एकही गोष्ट जमिनीला टेकत नाही, यालाही. त्याकडे नंतर येतो.

आधी ते "अर्धी बग्गी". हॉबी-ग्रेड गाडी खेळण्यातल्या गाडीपेक्षा वेगळी ठरते ती वेगामुळे नाही. तिचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. मोटर, सर्वो, रिसीव्हर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) वेगवेगळे आणि ठरलेल्या मापाचे असतात. शॉकमध्ये खरंच तेल असतं, डिफ खोलता येतो, कॅम्बर आणि टो (चाकांचा कल आणि रोख) बदलता येतात. म्हणजे पैसे मोजले ते जुळवता येण्यासाठी, आणि त्यातली बरीचशी जुळवणी फुकट असते. कारखान्यातून आलेली गाडी बहुतेक वेळा अर्धी नसते, न जुळवलेली असते. या दोन्हींत मोठा फरक आहे.

त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी गाडी टेबलावर घ्या. पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि स्पर (ते फिरवतं ते मोठं दातेरी चाक) यांच्या मध्ये कागदाची पातळ पट्टी घालून दाते भिडवा. पट्टी चुरगळून बाहेर आली पण फाटली नाही, तर अंतर ठीक. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) आहे का पाहा. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला ते चुकूनही लावू नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं. शॉकच्या स्प्रिंग काढून डावा-उजवा एकदम दाबा. एकात फसफस आवाज आला तर आत हवा अडकली आहे. मग बॅटरीसकट गाडी वीतभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडा आणि बसल्यावर मागचे ड्राइव्हशाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) जमिनीला साधारण समांतर आहेत का ते बघा. शेवटी चाकं हाताने फिरवा. लगेच थांबली तर आत बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचे किंवा ब्राँझचे बुश असण्याची शक्यता मोठी. तसं असेल तर पहिला खर्च तिथेच करा. अनेक १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या) गाड्यांत ५×११×४ मिमीची बेअरिंग बसतात. बुश झिजला की चाक डुलतं आणि मोटरची ताकद घर्षणात जाते. या यादीत बेअरिंगचं नावही नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

आता मोटर आणि ३एस. यादीतला सगळ्यात लोकप्रिय मुद्दा हाच, म्हणून जरा आकडेच मांडू.

केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. लिपोचा एक सेल नाममात्र ३.७ व्होल्टचा, २एस म्हणजे ७.४, ३एस म्हणजे ११.१. समजा मोटर ३३०० केव्हीची आहे, स्पर ८४ दात्यांचा, पिनियन २१ चा आणि गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण २.६. ८४ भागिले २१ म्हणजे ४, गुणिले २.६ म्हणजे १०.४. मोटर १०.४ फेरे घेते तेव्हा चाक एक घेतं. टायरचा व्यास ८६ मिमी धरला, तर २एसवर कागदावरचा वेग ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास येतो. प्रत्यक्षात थोडा कमीच मिळेल. आता यादीचं ऐकून ४६०० केव्हीची मोटर आणि ३एस टाका, गिअर तेच ठेवा. आकडा ७९ च्या पुढे जातो.

ऐकायला छान आहे. पण वेग दुपटीहून वाढला की टकरीतली ऊर्जा चौपटीहून वाढते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. ज्या पुढच्या आर्मने कालपर्यंत कुंपणाचा धक्का सहज पचवला, तोच आज तुटतो आणि मालक म्हणतो, "बघा, स्टॉक पार्ट कुचकामी." तिथून ॲल्युमिनियमची खरेदी सुरू होते. यादीतली पहिली सूचना दुसऱ्या सूचनेला गिऱ्हाईक मिळवून देते.

मोटर कमी पडते की नाही, हे ठरवायची चाचणी सोपी आहे. तुम्ही जिथे चालवता त्याच मातीवर गाडी उभी करा आणि थ्रॉटल एकदम पूर्ण दाबा. मागची चाकं जागच्या जागी फिरून धूळ उडवत असतील, तर मोटरची ताकद आत्ताच जमिनीच्या पकडीपेक्षा जास्त आहे. तिथे आणखी मोटर म्हणजे आणखी धूळ. मोटर फक्त मागची दोन चाकं फिरवते अशा बग्गीत तर हे पदोपदी दिसतं.

बॅटरीबद्दल मात्र अर्धा मुद्दा मान्य. निकेल-मेटल हायड्राइडच्या सहा सेलच्या ७.२ व्होल्टच्या पॅकवरून २एस लिपोवर येणं ही खरी सुधारणा आहे. वजन घटतं आणि पॅक संपत येईपर्यंत व्होल्टेज टिकून राहतं. पण त्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. ईएससी किती सेल झेपवते, हे तिच्या पत्रकात लिहिलेलं असतं, आणि ब्रशवाल्या मोटरसोबत येणाऱ्या कित्येक ईएससी ३एससाठी बनवलेल्याच नसतात. दुसरं, तिच्यात लिपो कट-ऑफ (व्होल्टेज फार उतरलं की मोटर थांबवणारी सोय) आहे का आणि तो चालू आहे का? सेल ३ व्होल्टच्या खाली उतरला की बिघडायला लागतो, फुगतोही. चार्जर बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा हवा आणि करंट पॅकच्या क्षमतेइतका: ५००० एमएएचला ५ अँपिअर. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचे, पूर्ण भरून नाही. पॅकवर छापलेल्या सी-रेटिंगवर (क्षमतेच्या किती पट करंट मिळेल तो आकडा) फार विसंबू नका. ५००० एमएएच आणि ५०सी म्हणजे हिशोबाने २५० अँपिअर सतत. तेवढं तो पॅक खरंच देईल यावर माझा विश्वास नाही.

तरीही वेग हवाच असेल, तर आधी पिनियन बदला. एखादा दाता वाढवा, पाचेक मिनिटं चालवा, मोटरचं तापमान बघा. ८० अंश सेल्सिअसच्या वर जात असेल तर मागे या; तिथून पुढे चुंबकाची आणि वाइंडिंगची धडगत नाही. पिनियन घेताना दात्यांचं माप जुळतंय ना ते पाहा. ४८ पिच आणि ०.६ मॉड्यूल डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकमेकांत फिरवले की स्परचे दाते लवकरच साफ होतात.

"सगळीकडे ॲल्युमिनियम." या मुद्द्याच्या बाजूने एक दाखला हमखास दिला जातो, आणि तो वजनदार आहे: १९८४ मध्ये आलेली टीम असोसिएटेडची आरसी१०. या खेळाच्या इतिहासातली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध रेसिंग बग्गी, आणि तिची चॅसी (खालचा मुख्य सांगाडा) ॲल्युमिनियमची, टबच्या आकाराची होती. बरोबर. पण त्याच गाडीचे सस्पेन्शन आर्म नायलॉनचे होते, ही गोष्ट दाखला देणारे सोडून देतात. जो भाग वाकायला नको, तो धातूचा. ज्याने धक्का खायचा, तो लवणारा.

नायलॉनचा आर्म दणका बसला की लवतो, परत येतो आणि फारच झालं तर तुटतो. ॲल्युमिनियमचा आर्म लवत नाही. छोटा धक्का तो तसाच पुढे ढकलतो: हिंज पिनकडे (आर्म ज्यावर फिरतो ती पिन), तिथून बल्कहेडकडे (ती पिन धरणारा ठोकळा), तिथून चॅसीकडे. मोठा धक्का बसला की वाकतो आणि वाकलेलाच राहतो. वाक दोन-तीन अंशांचा असेल तर डोळ्याला दिसतही नाही. गाडी एका बाजूला ओढते आणि मालक रिमोटवरची ट्रिम (स्टीअरिंगचा मध्य सरकवणारं बटण) फिरवत बसतो. तुटलेला आर्म बदलणं हे दोन स्क्रू आणि एका पिनचं काम आहे. बल्कहेड फुटला तर गिअरबॉक्सपर्यंत सगळं उतरवावं लागतं. शिवाय वजन. ॲल्युमिनियमची घनता नायलॉनच्या सुमारे दुप्पट, आणि हे वजन वाढतं ते नेमकं चाकांच्या बाजूला, म्हणजे शॉकला जे दर खड्ड्यात खालीवर हलवावं लागतं तिथे. वरून स्टीलची पिन ॲल्युमिनियमच्या भोकात फिरून फिरून भोक लांबट करते, तो ढिलेपणा वेगळाच.

धातू कुठे हवा, याचीही यादी देता येते, आणि ती लहान आहे. शॉकच्या टोप्या, कारण प्लॅस्टिकचे आटे जातात आणि ऐन उडीत टोपी निघते. मोटर माउंट, कारण तो उष्णता ओढून घेतो आणि पिनियन हलू देत नाही. चाकाचे हेक्स (चाक ज्यावर अडकतं तो षट्कोनी तुकडा), कारण प्लॅस्टिकचा हेक्स गोल होतो. स्टीअरिंग रॅक ढिला असेल तर बेअरिंगवाला रॅक. इतकंच. शोभेसाठी निळं-लाल ॲनोडाइझ करून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, हौसेला मोल नसतं. फक्त त्याला मजबुती म्हणू नका.

सर्वोवर फार बोलण्यासारखं नाही. दीड-दोन किलोच्या गाडीला ८ ते १० किलो-सेंमी टॉर्क पुरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आतले गिअर धातूचे असणं. अवाढव्य टॉर्कचा सर्वो तेवढाच करंट ओढतो, आणि तो पुरवणारा ईएससीमधला बीईसी (रिसीव्हर आणि सर्वोला वीज देणारा भाग) लहान असेल तर व्होल्टेज पडून रिसीव्हर क्षणभर बंद होतो. गाडी सरळ जात राहते, तुम्ही स्टीअरिंग फिरवत राहता. सर्वो सेव्हर (चाकाचा धक्का सर्वोपर्यंत न पोचू देणारा स्प्रिंगचा भाग) काढून टाकायचा सल्लाही यासोबत मिळतो; तो ऐकू नका, चाक दगडावर आदळलं की त्याचीच गरज पडते. हॉर्न (सर्वोच्या दांड्यावर बसणारा छोटा हात) घेताना त्या दांड्यावरचे स्प्लाइनचे दाते मोजून घ्या: २३, २४ आणि २५ असे तीन प्रकार चलनात आहेत.

जाड शॉक ऑइलच्या मागे एक गैरसमज आहे. गाडी उडीनंतर पोट घासते, म्हणून लोक ऑइल जाड करतात. पण गाडी किती उंचीवर उभी राहील हे स्प्रिंग आणि प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) ठरवतात. ऑइल फक्त हालचाल किती सावकाश होईल ते ठरवतं. ऑइल फार जाड झालं की लागोपाठच्या खड्ड्यांत शॉक दाबला जातो, परत यायला वेळ मिळत नाही, पुढचा खड्डा येतो. शेवटी सस्पेन्शन खालीच अडकून गाडी टणटण उडत जाते, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. पोट घासत असेल तर आधी स्प्रिंग एक पायरी कडक करा. मोठ्या उड्यांचं मैदान असेल तर मग ऑइलही एक पायरी वाढवा, एकदम तीन नाही. आणि "तीसचं टाक, चाळीसचं टाक" असं सांगणाऱ्याला कंपनी विचारा. वेटचे आकडे कंपनीगणिक बदलतात, सीएसटीचा (सेंटिस्टोक, तेलाच्या घट्टपणाचं माप) आकडा बघावा. काही कंपन्यांचं ३० वेट ३५० सीएसटीच्या जवळपास असतं. थंडीत तेच तेल घट्ट वागतं, उन्हात पातळ.

डिफचा मुद्दा गाडीवर ठरतो. मागच्या दोन चाकांवरच्या बग्गीत मागचा डिफ जाड ऑइलने जवळजवळ बांधून टाकला, तर दोन्ही चाकं बरोबरीने फिरू पाहतात. वळणात शिरताना गाडी सरळच जाऊ बघते, आणि बाहेर पडताना थ्रॉटल दिला की भुसभुशीत मातीवर मागचा भाग एकदम निसटतो. १/८च्या चारचाकी ड्राइव्हच्या बग्गीत तीन डिफ असतात आणि तिघांची कामं वेगळी. मधला जाड केला तर पुढची चाकं हवेत नुसती फिरून ताकद वाया घालवत नाहीत. पुढचा जाड केला तर वळणात शिरताना धार कमी होते, बाहेर पडताना मात्र ओढ चांगली मिळते. पुढे ५०००, मध्ये ७०००, मागे ३००० सीएसटी ही सुरुवात अनेकजण करतात आणि ती वाईट नाही. तिन्हींत एकच "जाडात जाड" ऑइल भरलं की तीन डिफ असण्याचा अर्थच राहत नाही. तसंही, जुन्या गाडीचा डिफ खोललात तर तेल गळून निम्मं झालेलं सापडायची शक्यता जास्त. गॅस्केट आणि ओ-रिंग बदलून पहिल्यासारखंच तेल भरलं तरी गाडी वेगळी वाटते.

राहिले टायर, ज्यांना यादीत जागाच नाही. कडक, धूळभरल्या जमिनीवर लांब आणि विरळ खुंट्यांचे टायर खुंट्यांच्या टोकांवर चालतात. तिथे बारीक, दाट खुंट्या हव्यात. भुसभुशीत मातीत उलट. आतला फोम बसून गेला असेल तर टायर वळणात दुमडतो, आणि रिमला नीट चिकटवलेला नसेल तर जोरदार थ्रॉटलला रिम फिरते, टायर मागे राहतो. ३एसच्या वेगाला टायर मधून फुगून उभट होतो आणि जमिनीला बोटभर पट्टीच लागते, हेही मोटर विकणारा सांगत नाही. मैदानाला जुळणारा एक जोड घ्या, सायनोने (सुपरग्लू) कडेकडेने नीट चिकटवा आणि वर सांगितलेली थ्रॉटलची चाचणी पुन्हा करा. त्यानंतरही चाकं जमीन धरून राहत असतील आणि गाडी मंद वाटत असेल, तर मोटरचा विचार जरूर करा. तोवर ईएससी किती सेलची आहे हे वाचून झालेलं असेल.

आणि "गाडी तुटत नाही" हे तर कुठल्याच बग्गीबद्दल खरं नाही. स्पर्धेतल्या गाड्याही तुटतात, म्हणून चालवणाऱ्यांच्या पेटीत पुढच्या आर्मचा जोड, दोन हिंज पिन, एक स्पर आणि हेक्स ड्रायव्हर कायम पडून असतात.